लग्न वैशाखात की मार्गशीर्षात?

पत्र : माझी आई ५८ वर्षांची आहे. आम्ही सांगली जिल्ह्यातले, मी नोकरीला पुण्यात. दिवाळीच्या तोंडावर तिला डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, पित्त समजण्यात आठ-दहा दिवस गेले. एमआरआयमध्ये मेंदूत तीन गाठी निघाल्या. मूळ कॅन्सर फुप्फुसात, ॲडिनोकार्सिनोमा जातीचा. पेट स्कॅनमध्ये पाठीच्या एका मणक्यातही दिसतोय. आईने कधी तंबाखूला हात लावलेला नाही. सुजेच्या गोळ्या सुरू झाल्यापासून ती आंघोळ, देवपूजा, स्वयंपाक सगळं करते, पण दमते. बायोप्सीतून ईजीएफआर नावाचं जनुक तपासायला दिलं, तर ‘टिश्यू अपुरा’ असा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणतात, रक्तातून बघू, नाहीतर पुन्हा नमुना घेऊ. मामा म्हणतात, तिला आणखी टोचू नका. नेटवर मी वाचलं, ‘चार महिने’. ओळखीतल्या एकाने सांगितलं की साठ हजारांत एक टेस्ट होते, तिच्यातून किती दिवस उरलेत ते नक्की कळतं. ती करावी का? विचारण्याचं कारण, बहिणीचं लग्न वैशाखात ठरलंय. मुलाकडच्यांशी बोलून मार्गशीर्षात उरकून घ्यावं का? आईला ‘डोक्यात सूज आहे’ एवढंच सांगितलंय.
एक वाचक

उत्तर : आधी त्या चार महिन्यांचा निकाल लावू. तो आकडा कुठे वाचला ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला तो ओळखीचा वाटतो. १९९७ साली अमेरिकेतल्या रेडिएशनच्या डॉक्टरांनी मेंदूत कॅन्सर पसरलेल्या १,२०० रुग्णांचे तीन वर्ग पाडले होते. वरच्या वर्गाला ७.१ महिने, मधल्याला ४.२, खालच्याला २.३. हे रुग्ण १९७९ ते १९९३ या काळातले. फुप्फुस, स्तन, बाकीचे सगळे एकाच पोत्यात भरलेले, आणि उपचार म्हणजे अख्ख्या मेंदूला रेडिएशन. फुप्फुसाच्या कॅन्सरमधला ईजीएफआर जनुकाचा बिघाड सापडला तोच मुळी २००४ साली. तुमच्या आईला आज जी गोळी लागू पडू शकते, ती त्या १,२०० जणांतल्या एकाच्याही वाट्याला आलेली नव्हती. जुन्या एसटीचं वेळापत्रक हातात घेऊन आज स्टँडवर उभं राहावं, तसा हा प्रकार आहे.

पुढे २००८ मध्ये पॉल स्पर्डुटो या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुण देण्याची एक पद्धत काढली. नंतर प्रत्येक कॅन्सरचं गुणपत्रक वेगळं केलं. २०१७ मध्ये फुप्फुसाच्या गुणपत्रकात पहिल्यांदा जनुकांचा रकाना आला. त्यासाठी २,१८६ रुग्णांची माहिती घेतली होती, २००६ ते २०१४ मधल्या. एकूण गुण चार. वय सत्तरच्या आत असेल तर अर्धा. मेंदूतल्या गाठी चारपर्यंत असतील तर अर्धा. कॅन्सर मेंदूखेरीज शरीरात दुसरीकडे पसरलेला नसेल तर एक. माणूस हिंडता-फिरता किती आहे, यावर शून्य ते एक. आणि ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांपैकी एकात बिघाड सापडला तर पूर्ण एक गुण.

तुमच्या आईचे गुण तुम्हीही मांडू शकता. वयाचा अर्धा. तीन गाठी, अर्धा. मणक्यात पसरलाय, म्हणून तिथे शून्य. घरातलं करते पण दमते, याला डॉक्टर कार्नोफ्स्कीच्या, म्हणजे हिंडण्या-फिरण्याच्या, मापात शंभरांपैकी साधारण ऐंशी म्हणतील, त्याचा अर्धा. (हे माप फार चंचल असतं. सुजेवरची डेक्सामेथासोन सुरू व्हायच्या आधी याच आईला कुणी साठही दिले असते. म्हणून पहिल्या दिवशी काढलेल्या गुणांवर माझा भरवसा नसतो.) झाले दीड. त्या अभ्यासात ॲडिनोकार्सिनोमाच्या दीड ते दोन गुणांच्या रुग्णांचा मध्यक आला १३.७ महिने. मध्यक म्हणजे निम्मी माणसं त्याआधी गेली आणि निम्मी त्यानंतरही होती. आता ईजीएफआर सापडला असं धरा. दीडाचे अडीच होतात, आणि अडीच ते तीन गुणांचा मध्यक आहे २६.५ महिने.

आता या गुणपत्रकातली एक गोम, जी वाचणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. जनुकाच्या रकान्यात ‘बिघाड नाही’ याला शून्य आहे, आणि ‘तपासलं नाही’ यालाही शून्यच. तुमच्या आईचे आजचे दीड गुण म्हणजे तिची तब्येत आणि आपलं अज्ञान यांची बेरीज आहे. ‘टिश्यू अपुरा’ हा कॅन्सरविषयीचा निष्कर्ष नाही, तो आमच्या टेबलावरचा तुटवडा आहे. त्या तुटवड्याच्या भरवशावर लग्नाची तारीख बदलायला निघू नका.

साठ हजारांच्या टेस्टबद्दल. किती दिवस उरलेत हे ‘नक्की’ सांगणारी टेस्ट जगात कुठेच नाही. तुमच्या ओळखीच्या माणसाने बहुधा एनजीएसबद्दल ऐकलं असावं, म्हणजे बरीच जनुकं एका फटक्यात वाचणारी तपासणी. ती तपासणी कदाचित योग्यच ठरेल, पण तिचं जे कारण त्याने सांगितलं ते चुकीचं. मार्कर, म्हणजे तपासणीत शोधतात त्या खुणा, दोन जातीचे असतात. काही नुसतं भाकीत सांगतात, ज्योतिषासारखे : अमुक असेल तर दिवस कमी, तमुक असेल तर जास्त, आणि करण्यासारखं त्यात काही नाही. किडनीच्या कॅन्सरच्या गुणपत्रकात हिमोग्लोबिन आहे, ते बरंचसं या जातीचं. दुसरी जात औषध सांगणाऱ्यांची. ईजीएफआर, एएलके, स्तनाच्या कॅन्सरमधला हर-२ ही या जातीतली. ईजीएफआर असलेला रुग्ण जास्त जगतो तो मुख्यतः त्या बिघाडावर नेमकी बसणारी गोळी आपल्याकडे आहे म्हणून. गोळी घेतलीच नाही, तर तो एक गुण कागदावरच राहतो. तेव्हा कुणी कुठलीही टेस्ट सुचवली की एवढंच विचारा : याचा रिपोर्ट असा आला तर औषध बदलेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर पैसे खिशात ठेवा, पुढे लागणार आहेत.

तुमच्या आईच्या बाबतीत उत्तर ‘हो’ आहे, आणि चांगलंच ठणठणीत. आपल्याकडे फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमात साधारण चारांतल्या एकाला ईजीएफआरचा बिघाड सापडतो. तंबाखू-विडीला कधीच न शिवलेल्या बायकांमध्ये हे प्रमाण आणखी वर जातं. तुमच्या आईला आत्तापर्यंत निदान दहा जणांनी ‘मशेरी लावायचीस का गं?’ असं विचारलं असेल. त्यांना काय सांगायचं ते सांगा. पण तिने कधी तंबाखू घेतला नाही ही गोष्ट डॉक्टरांच्या लेखी एक धागा आहे. एएलके त्यामानाने कमी, शंभरांत तीन ते पाच. पण तो निघाला तर लॉर्लाटिनिब नावाची गोळी आहे. ती सुरुवातीपासून घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांचा आजार पाच वर्षांनंतरही पुढे सरकलेला नव्हता, जुन्या क्रिझोटिनिबवर हेच ८ टक्के होतं. म्हणून ईजीएफआर नाही म्हणाला तरी तिथेच थांबायचं नाही.

मी तीस वर्षं पॅथॉलॉजीत काढली, तेव्हा ‘टिश्यू अपुरा’ म्हणजे काय ते आतून सांगते. छातीतून सुईने जे काढतात ते शेवईच्या दोन-तीन तुकड्यांएवढं असतं, पांढरट, कधी रक्ताळलेलं. ते फॉर्मेलिनमध्ये मुरतं, मग मेणात ओततात, आणि साबणाच्या चिपेएवढा एक ठोकळा तयार होतो. त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. यंत्रावर त्याचे चार मायक्रॉनचे काप निघतात. कोमट पाण्यावर तरंगताना ते दुधावरच्या सायीसारखे दिसतात, आणि तिथून काचेवर उचलून घ्यायचे. कॅन्सर आहे का, कुठल्या जातीचा, फुप्फुसाचाच की दुसरीकडून आलेला, अशा एकेका प्रश्नाला एकेक रंग, एकेक काप. आणि जनुकाची पाळी येईपर्यंत ब्लॉकमध्ये नुसतं मेण उरतं. मी स्वतः हे केलंय. जात पक्की करण्याच्या हौसेत आठ-नऊ रंग लावले, आणि मग जनुकं तपासणाऱ्या मॉलिक्युलरवाल्यांनी मागितलं तेव्हा द्यायला काही नव्हतं. त्या रुग्णाला दुसऱ्यांदा सुई लागली, ती माझ्यामुळे.

पण ‘अपुरा’ म्हणजे दर वेळी ‘शून्य’ नसतं. एका लॅबच्या पद्धतीला जे पुरत नाही ते दुसरीला पुरू शकतं. रंग दिलेल्या जुन्या काचांवरूनही पेशी खरवडून डीएनए काढता येतो. छातीत पाणी झालेलं असेल आणि ते काढलं असेल, तर त्याचा वेगळा ब्लॉक केलेला असतो, आणि पुष्कळदा तो विसरला जातो. ही चौकशी आधी करा, तिला सुई टोचावी लागत नाही.

दुसरं, रक्त. गाठीतून सुटलेले डीएनएचे तुकडे रक्तात फिरतात, त्यात ईजीएफआर शोधतात. दहा मिलिलिटर, विशेष नळीत. मामांना हे सांगून बघा, त्यांचा जीव बहिणीसाठी तुटतोय आणि ते स्वाभाविक आहे, पण रोजच्या साखरेच्या तपासणीइतकंच हे टोचणं आहे. यात बिघाड सापडला तर तो खरा धरून गोळी सुरू करतात. सापडला नाही तर ‘नाही’ असं समजायचं नाही. दर तीन ईजीएफआरवाल्यांत जवळपास एकाचा बिघाड रक्तात दिसत नाही, मग सुईचा नमुना घ्यावाच लागतो. आजार फक्त मेंदूत असता तर रक्तात सापडायची आशा आणखी कमी असती, कारण मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये पडदा आहे. छाती आणि मणका दोन्हीकडे असल्यामुळे तुम्हाला संधी बरी आहे.

पुन्हा नमुना मणक्यातून घ्यायचं ठरलं तर मात्र एक गोष्ट आधीच बोला. हाड कापता यावं म्हणून लॅबमध्ये ते ॲसिडमध्ये मऊ करतात, आणि ॲसिडमध्ये डीएनएची वाट लागते. ‘जनुकं तपासायची आहेत, ईडीटीए वापरा’ असं फॉर्मवर लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा, ईडीटीए म्हणजे डीएनए न बिघडवता हाड मऊ करणारं रसायन. एवढं एक वाक्य नसल्यामुळे फुकट गेलेले नमुने मी पाहिलेत.

कुणीतरी असंही म्हणेल की मेंदूतल्या गाठीचाच तुकडा हवा, तो वेगळा असतो. त्यात तथ्य आहे. २०१५ मध्ये प्रिसिला ब्रास्टियानोस यांच्या गटाने ८६ रुग्णांच्या मूळ गाठी आणि मेंदूतल्या गाठी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. निम्म्याहून थोड्या जास्त, ५३ टक्के रुग्णांच्या मेंदूत औषधाच्या दृष्टीने उपयोगी पडू शकतील असे बदल होते, जे मूळ गाठीच्या नमुन्यात नव्हते. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांनी हे खास लक्षात ठेवावं, हर-२ कधी कधी मधेच बदलतो. पण ईजीएफआर हा मुळापासूनचा बिघाड, तो सहसा सगळीकडे सारखाच असतो. नुसत्या त्याच्यासाठी कुणी आईची कवटी उघडायला नको. एखादी गाठ मोठी म्हणून ऑपरेशन झालंच, तर निघालेला तुकडा जनुकांसाठी राखून ठेवायला सांगा.

रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तेवढ्या काळात कुणी घाईने इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध, सुरू करू म्हणालं, तर ‘ईजीएफआर-एएलके येईपर्यंत थांबता येईल का?’ असं विचारा. ईजीएफआर असलेल्यांना तिचा फायदा कमी होतो, आणि तिच्या पाठोपाठ ऑसिमर्टिनिब, म्हणजे ईजीएफआरवरची गोळी, दिली तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. मेंदूतल्या गाठींना नेमकं रेडिएशन द्यायचं की आधी गोळी सुरू करून एमआरआयवर नजर ठेवायची, यावर डॉक्टरांमध्येच दोन मतं आहेत. गाठींचं माप आणि त्रास बघून ते ठरवतील.

खर्चाचं तुम्ही काही लिहिलं नाही, पण तो मनात असणारच. ऑसिमर्टिनिब मेंदूत चांगली पोचते आणि महाग आहे. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कॅन्सरच्या ज्या तीन औषधांवरची कस्टम ड्यूटी काढली, त्यात ती होती, तरी परवडणं प्रत्येकाला जमत नाही. ती नसेल तर सगळं संपलं असं मात्र नाही. आपल्या परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वनिता नोरोन्हा आणि सहकाऱ्यांनी २०१६ ते २०१८ दरम्यान ईजीएफआरच्या ३५० रुग्णांवर एक चाचणी केली. निम्म्यांना नुसती गेफिटिनिब, जी जुनी आणि स्वस्त आहे, आणि निम्म्यांना गेफिटिनिबबरोबर केमो. आजार आटोक्यात राहिला तो अनुक्रमे ८ आणि १६ महिने. केमोचा त्रास जास्त झाला, हेही खरं. मेंदूत पसरलेले रुग्णही त्यात होते. फुले जन आरोग्य योजनेत कशाकशाचा खर्च मिळेल, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, नेटवर शोधत बसू नका.

आता लग्न.

ऑस्ट्रेलियातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी मध्यक सांगण्याची एक चांगली रीत घालून दिली आहे, मला ती आवडते. एकच आकडा सांगायचा नाही. मध्यकाची निमपट आणि दुप्पट काढायची. साधारण निम्मी माणसं या दोन्हींच्या मध्ये असतात, चारांतला एक निमपटीच्या आधी जातो, एक दुप्पटीच्याही पुढे. तुमच्या आईच्या दीड गुणांवर, म्हणजे रिपोर्ट काहीच चांगला आला नाही असं धरून, निमपट होते सात महिने. तुळशीचं लग्न परवा झालं, वैशाख सहा महिन्यांवर आहे. वाईट बाजूने मोजलं तरी चारांतल्या तिघी तुमच्या मांडवात असतील. ईजीएफआर निघाला तर निमपटच तेरा महिन्यांची.

चारांतली एक नसेल, हे मी लपवत नाही. आणि मांडवात असणं आणि मुलीला हळद लावायला उभं राहता येणं यात फरक आहे. पण मार्गशीर्षाचं गणित मला मुळातच उलटं वाटतं. येते पाच-सहा आठवडे तिचे नमुने, रेडिएशन आणि डेक्सामेथासोन यांत जाणार. त्या गोळीने झोप उडते (सकाळी द्या, रात्री नको), भूक खवळते, साखर वाढते, चेहरा सुजतो. घाईघाईच्या लग्नात फोटोत ती कशी दिसेल याचा विचार तुम्ही नाही केलात तरी ती करेल. जनुकाच्या बिघाडावरची गोळी लागू पडली तर काही आठवड्यांतच उतार दिसू लागतो, आणि या आजारातले बरे महिने बहुधा तेच असतात. माझं मत विचाराल तर रिपोर्ट येईपर्यंत वैशाखाला हात लावू नका. रिपोर्ट वाईट आला किंवा तिची तब्येत ढासळली, तर पौष उलटल्यावर माघात घरगुती करता येईल. मुलाकडच्यांना मात्र आत्ताच खरं सांगून ठेवा. त्यांना लग्नाच्या आदल्या आठवड्यात बाहेरून कळलं तर ते बहिणीला आयुष्यभर पुरेल.

पण माझं मत हे माझं मत. जिचं विचारायला हवं तिला तुम्ही ‘सूज’ सांगितलीय. एकदा आमच्या लॅबच्या खिडकीवर सत्तरीच्या एक आजी स्वतःच रिपोर्ट न्यायला आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी. मी म्हटलं, मुलाला पाठवा, त्याला समजावून सांगते. तर हळूच म्हणाल्या, ‘त्याला नका सांगू बाई, त्याला झेपायचं नाही.’ बाहेरच्या बाकावर मुलगा बसला होता, आणि तासाभरापूर्वी त्याने मला हेच आईबद्दल सांगितलं होतं. तुमची आई रेडिएशनच्या विभागात जाणार आहे, तिथल्या पाट्या तिला वाचता येतात, शेजारी बसलेल्या बायका बोलतात. डॉक्टरांसमोर तिला बसवा आणि त्यांना आधी एवढंच विचारायला सांगा, ‘ताई, तुमच्या आजाराबद्दल किती ऐकायचंय?’ काही बायका सगळं विचारतात. काही म्हणतात, पोराशी बोला. दोन्हीही चालेल. लग्न कधी करायचं हे मात्र तिला विचारा, आकडे न सांगताही विचारता येतं. ती ‘मार्गशीर्षातच करू’ म्हणाली, तर माझं वरचं सगळं गणित बाजूला ठेवा आणि कार्यालय बघा.

उद्या सकाळी करायचं ते एवढंच : बायोप्सी जिथे झाली तिथे केस पेपर घेऊन जा, आणि लेखी अर्ज करून ब्लॉक आणि उरलेल्या सगळ्या काचा मागा. पुढच्या तपासणीसाठी ते तुम्हाला मिळू शकतात. मिळताना ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतोय का, हे तिथेच खिडकीत उभं राहून बघा. काचा डब्यातूनच न्या, रुमालात गुंडाळून नाही. आणि ब्लॉक गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हाने मेण पातळ होतं.